नवरदेवाचे रोडगे

पांढुर्ण्याच्या फलाटावर उतरलो, तरी आपण मध्य प्रदेशात आलोय यावर विश्वास बसेना. पाट्या हिंदीत आणि पाट्यांखाली चाललेली भांडणं मराठीत. कराडहून निघताना आईनं बजावलं होतं, "परक्या मुलखात चाललायस, जपून बोल." इथं समोसेवालाच मला म्हणाला, "गरम हाय, फुकून खाजा भाऊ."

घ्यायला नितेश आणि विलास आले होते. नितेश म्हणजे नवरदेव. विलास त्याच्याच गावचा, संत्र्याच्या बागेचा मालक. नागपूरच्या वसतिगृहात आम्ही तिघं एकाच खोलीत राहिलो. ज्याचं लग्न आधी, त्याच्या गावी हळदीच्या आदल्या दिवशी तंबू ठोकून राहायचं, हे तेव्हाच ठरलं होतं. म्हणून नवाकोरा तंबू मी इतक्या लांब पाठीवर वाहून आणला होता.

विलासच्या पिकअपमध्ये तंबू टाकायला गेलो, तर तिथं आधीच जाड्या कणकेचा डबा, तुपाची बरणी आणि पोतंभर गवऱ्या (आमच्याकडच्या शेणी) होत्या.

"हे कशाला?" मी विचारलं.

नितेश लहानपणी तापानं फणफणला होता, तेव्हा त्याच्या वडिलांनी जामसांवलीच्या हनुमानाला नवस बोलला होता. पोराच्या लग्नात हळदीआधी स्वतःच्या हातानं रोडगे (विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे) करून वाहीन, असा. वडील गेल्या वर्षी वारले. काका करायला तयार होते, पण नितेश ऐकेना.

"बाबा करनार होते, आता मी करीन," तो म्हणाला. "मायनं सांगतलं, रोडगे चढल्याबिगर हळद लागनार नाही."

"तुला येतात?"

"बाबाले करताना पाह्यलं आहे न. सारं गाव बोटं चाटे. तसेच झाले पाहिजेत."

हा माणूस वसतिगृहात चहासुद्धा करपवायचा. मी विलासकडे बघितलं. विलासनं गाडी सुरू केली.

सौंसरच्या रस्त्याला, जामसांवलीच्या अलीकडे विलासची बाग आहे. पिवळ्याधमक संत्र्यांनी झाडं वाकली होती. तंबू उभारताना तिघांच्या तीन तऱ्हा झाल्या. मी सूचना वाचत होतो, विलास त्या मोडीत काढत होता आणि नितेश आत अडकला होता. शेवटी विलासनं संत्र्याच्या फांद्यांना टेका द्यायचे बांबू आणले आणि मांडव घालावा तसा तो तंबू उभा केला. झोप मात्र छान लागली.

उजाडता उजाडता मला वाटलं, कोणीतरी पाय धुतंय. डोळे उघडले, तर तंबूत पाणी! बाहेर विलास उघडा नाचत होता.

"लाईट आली बे! मोटर ऑटोवरच राहून गेली!"

इकडे शेतीची वीज पाळीपाळीनं येते. ती आली की पंप आपोआप चालू व्हावा म्हणून बटण ऑटोवर ठेवतात. ते बंद करायला विलास विसरला होता, आणि तंबू आम्ही नेमका पाटाच्या तोंडाशी ठोकला होता. खुद्द बागेच्या मालकाच्या सल्ल्यानं. डबा आणि बरणी पिकअपमध्ये होती म्हणून वाचली. तंबूशेजारी उतरवून ठेवलेल्या गवऱ्यांचा मात्र शेणकाला झाला.

"आता काकाले बलावू का?" विलासनं हळूच विचारलं.

"नाही," नितेश म्हणाला. "गवऱ्या पाह्य."

मी आणि विलास शेजारच्या वस्तीकडे पळालो. अंगणात उन्हाला बसलेल्या एका आजींना हात जोडले.

"गवऱ्या? भल्या सकाळी?" आजींनी चिखलात माखलेल्या आम्हा दोघांना न्याहाळलं. "कोन मेलं?"

"मेलं नाही आजी, लग्न आहे!" विलास ओरडला.

"मंग असे रडकुंडीले काऊन आले? न्या. पन परसाद आनजा."

परत येऊन पाहतो, तर नितेशनं कणीक मळली होती. आम्हाला हात लावायची बंदी होती. रोडगे वाहीपर्यंत तो उपाशी, म्हणून आम्हीही उपाशी राहायचं ठरवलं. भरल्या बागेत, हाताशी संत्री लोंबत असताना उपाशी राहणं काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. विलास एका संत्र्याकडे इतका वेळ बघत राहिला की नितेशनं त्याला पाठमोरं बसवलं.

पहिली खेप वरून कोळसा झाली. बोटं भाजली, डोळे लाल झाले, पण गडी हटला नाही. दुसऱ्या खेपेला त्यानं विस्तव पसरून वर राख लोटली. थोड्या वेळानं एक रोडगा काढून बोटाच्या पेरानं वाजवला आणि कानाशी धरला.

"काय ऐकून राहिला बे?" विलासनं विचारलं.

"मालूम नाही. बाबा ऐके."

आम्ही हसलो नाही. तो एकेक रोडगा वाजवत, ऐकत, खाली ठेवत गेला. त्याच्या गालावरून राखेतून ओघळ आले होते. धुरानं असतील, असं आम्ही तिघंही धरून चाललो.

जामसांवलीचा हनुमान निजलेला आहे. आमच्या अंगाच्या धुरानं तोही उठून बसेल अशी मला भीती होती. रोडगे वाहिले, नितेश बराच वेळ डोकं टेकून राहिला, आणि आजींचा प्रसाद पोचवून आम्ही पांढुर्ण्याला सुटलो.

मांडवात हळद कालवून बायका खोळंबल्या होत्या. नितेशच्या आईनं आमचा अवतार पाहिला. रोडगा हातात घेतला, फोडला, मधला तुकडा तोंडात टाकला.

"मधात कच्चा हाय," ती म्हणाली.

नितेशचं तोंड उतरलं. "बाबासारखे नाही झाले न?"

"झाले न! त्याईचेबी मधात कच्चेच राहेत. पंगतीत कोन सांगन त्याईले?"

"अन् ते कानापाशी धरून ऐके ते?"

"काही समजे नाही त्याईले. लोकाईसमोर उगाच!"

सगळा मांडव हसला. हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला आणि पहिलं हळदीचं बोट, काजळी पुसायचीही वाट न बघता, त्याच्या गालावर ओढलं. विलास माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून रडला. नंतर म्हणाला, भूक लागली होती.

लग्न थाटात झालं. येताना माझ्या पिशवीत संत्री होती आणि फडक्यात बांधलेला एक रोडगा. तंबू विलासकडेच राहिला, तो आता त्यावर मिरच्या वाळवतो.

घरी येऊन मी रोडगा बोटानं वाजवला आणि कानाशी धरला.

"काय ऐकतोस?" आईनं विचारलं.

"शिजलाय का बघतोय."

मला काहीच कळलं नाही. मग तो फोडला आणि मधल्या कच्च्या भागासकट सगळा खाल्ला.