काकी उभी राहिली तेव्हा कोण हसलं

माझ्या काकीवर अन्याय झाला तो यंदाच्या सव्वीस जानेवारीला, झेंडावंदनानंतर भरलेल्या ग्रामसभेत. करणारं कोण, तर कोपरगाव तालुक्यातलं माझं अख्खं गाव.

काकी सकाळी साडेसहाच्या टेम्पोनं शिर्डीला जाते, हॉटेलातल्या खोल्या झाडायला, चादरी बदलायला. आमच्या बौद्ध वस्तीचा नळ सुटतो आठला. तोवर निम्म्या बाया कामावर गेलेल्या असतात. त्या सभेत काकी आयुष्यात पहिल्यांदा उभी राहिली. म्हणाली, "आमच्या वस्तीचं पानी आमी गेल्यावरच का सोडत्यात? सहाला सोडलं तर कुनाचं काय जातंय?"

मागच्या खुर्चीवरून खताच्या दुकानाचे मालक बोलले. गाव त्यांना दादा म्हणतं. "वहिनी, हॉटेलातच आंघोळ करून येत जा की. गरम पाणी, वर साबण फुकट."

सभा खदखदून हसली. सरपंचांनी तोंडावर रुमाल धरला. ग्रामसेवकानं पेन खाली ठेवलं. काकी बसली. प्रश्न तिथंच राहिला. त्यानंतर ती बचतगटातसुद्धा बोलेना.

मी पत्रक काढलं. मला दुसरं येतं काय? 'भगिनींनो, बोला! गप्प बसाल तर तहानेनं मराल.' काकीनं ते नीट वाचलं, फडताळात अंथरलं आणि वर डबे मांडले. "बोल म्हनतीस. बोल्ले की. मंग?"

त्या 'मंग'चं उत्तर माझ्या पत्रकात नव्हतं. बी.ए.च्या मानसशास्त्रात होतं. माणसाला आधी कितीही ओरडून सांगा, त्यानं केलेली गोष्ट टिकणार की मरणार हे ठरतं तिच्या पाठोपाठ काय येतं त्यावर. गोड आलं तर तो पुन्हा करतो, याला प्रबलन म्हणतात. कडू आलं तर थांबतो. काकीच्या प्रश्नापाठोपाठ हशा आला, ती थांबली. आणि गाव म्हणतं, आमच्या बाया लाजऱ्या. लाजऱ्या कशाच्या? शिकवून गप्प केलंय त्यांना.

दादाही शिकवलेलेच. दर सभेला गाव त्यांना हशाचा चारा घालतं, वर म्हणतं, माणूस मोठा मिस्कील. हा चारा तोडायचा. पुस्तकात याला विलोपन म्हणतात, आणि पुस्तक बजावतं की बक्षीस बंद झाल्यावर सवय लगेच विझत नाही, आधी भडकते. तेवढा वेळ तग धरायचा.

हे सगळं मी बचतगटात सांगितलं. एक आजी म्हणाल्या, "म्हंजी हसायचं न्हाई, येवडंच ना? मंग कालिजात कशाला गेल्तीस?"

एक मेच्या सभेत शेजारची सून उठली आणि अंगणवाडीच्या गळक्या पत्र्यांचं विचारलं. पहिला प्रश्न आम्ही मुद्दाम सोपा निवडला होता. दादा म्हणाले, "पोरांना छत्र्या द्या." वस्तीतल्या बाया, आमची पोरं, सगळी दगडासारखी बसलेली. पुढच्या रांगेत एकदोघं हसली, इकडंतिकडं बघून थांबली. दादांनी तेच पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. मग उभं राहून, हातात छत्री धरल्याचा आव आणून. पंखा तेवढा कुरकुरत होता. शेवटी दादा मोबाईल कानाला लावून बाहेर गेले. फोन वाजलाच नव्हता. सरपंच खाकरले, म्हणाले, पावसाआधी पत्रे बदलू. ग्रामसेवकानं लिहून घेतलं.

काकी पूर्ण वेळ पदर तोंडाला लावून बसली होती. घरी जाताना म्हणाली, "त्याचं त्वांड बघितलं का? नासल्या दुधावानी." वस्तीच्या नळाशी आल्यावर ती थांबली. "पंधरा ऑगस्टला इचारते पान्याचं. पन पोरी, मान्सं परत हसली तर म्या पुन्यांदा उठायची न्हाई. सांगून ठिवते."

ती खरंच उठणार नाही. तोच मार दुसऱ्यांदा बसला की धडा पक्का होतो, आणि तिच्याकडं बघून बाकीच्याही शिकतात.

वस्तीतले आम्ही हसणार नाही. पण पंधरा ऑगस्टच्या भरल्या सभेत आम्ही मूठभर, हशा तुमच्या ताब्यात आहे. तर हे वाचणाऱ्या गावकऱ्यांनो, पंधरा ऑगस्टला सभेला या. काकी उठली की दात झाका. शेजारचा हसला तर त्याला साथ देऊ नका. आणि नळ सहाला सुटेल की नाही, याचं उत्तर सरपंच देत नाहीत तोवर खुर्ची सोडू नका.