फटफटी पास कराची होती तवाचे किस्से

मले हे लिहाचं नव्हतं. पण वरठीच्या गॅरेजवर मी चाय प्याले टेकलो का मदन मिस्त्री नव्या गिऱ्हाईकाले म्हणते, "बाबाजीले इचारा, फटफटी कशी पास केली!" मग माझी चाय थंडी. तेच ते किती डाव सांगू? माझ्या तोंडाले काय मीटर लावला हाये काय? म्हणून लिहून देतो. मदन, हे भिंतीले चिकटव अन् मले सुखानं चाय पिऊ दे. शाळा मी चौथीत सोडली, त्याच्यानं कोणी चुका काढू नये. काढल्या तर पाना फेकून मारीन.

किस्से कसे जमतेत, सांगतो. गॅरेजच्या कोपऱ्यात नट-बोल्टचा डबा असते ना, तसे. कोण टाकते माहीत नाही, पण डबा भरूनच राह्यते. एक काढाले हात घातला का चार हाताले लागतेत.

*

गाडी माझी. नवी कोरी घेतली होती, कारखान्यात लागलो तवा. ती बनवणारी कंपनी कवाची बंद पडली, गाडी जित्ती हाये. पण कागद नाही. आरसी बुक उदईनं, म्हणजे वाळवीनं, खाल्लं. गाडी परसात, कोंबड्याच्या खुराड्याजवळ उभी.

एक दिवस बायको म्हणते, "अजी, दिवाळीच्या आत हिचे कागद करा, नाहीतर भुरा भंगारवाल्याले बोलावतो. मले तिथी सांभार लावाचा हाये."

सांभारासाठी, चार काड्या कोथिंबिरीसाठी, गाडी! मी म्हणलं, "सुमित्रा, ह्याच गाडीवर तुले लग्नानंतर कोंढ्याहून आणली होती."

"म्हणूनच म्हणून राहिली," ती म्हणे, "माझी कंबर तवापासूनच धरली हाये!"

बायको बोलली का बोलली. तिनं भुऱ्याले भाव बी इचारून ठेवला होता.

*

मदननं एक विमावाला आणला, नितीन नावाचा. मोठा गुणी माणूस, पण सगळं मोबाईलवर करते. तो म्हणे, पन्नास वर्षाच्या वरची गाडी व्हिंटेजमध्ये पास होते, नंबर प्लेटवर 'व्हीए' येते, पण पहिले विमा लागते.

"व्हीए म्हणजे काय बे?"

"म्हणजे म्हातारी गाडी, बाबाजी."

"मग एक माझ्या पाठीवर बी ठोक!"

मग तो मोबाईलवर गाडीचं साल शोधाले लागला. यादी खाली सरकवते, सरकवते, अंगठा थकला लेकाचा. दुसरा अंगठा लावला. बायकोनं चाय आणली, ती प्याला, पुन्हा सरकवाले लागला.

मग इचारते, "मागच्या वर्षी गाडीची काही घटना? काही नुकसान?"

"मागच्या वर्षी अंडी दिली."

"कोणं?"

"कोंबडीनं. टूलबॉक्समध्ये."

नितीननं ते लिहिलं नाही. चारही बाजूनं फोटो काढले, कंपनीले पाठवले. कंपनीचं उत्तर आलं: "फोटोमध्ये वाहनावर प्रवासी बसलेला दिसत आहे. कृपया रिकाम्या वाहनाचा फोटो पाठवावा."

पाह्यलं तर हँडलवर आमची काळी कोंबडी!

*

विमा निघाला. नितीननं मग कायदा समजावला. पास झाली तरी रोज फिरवाची नाही. प्रदर्शनाले न्या, जुन्या गाड्याच्या रॅलीले न्या, दुरुस्तीले न्या, पेट्रोल भराले न्या. बस.

मी म्हणलं, "मग काय अडचण हाये? मी रोज पेट्रोल भराले जाईन!"

"रोज?"

"एक-एक पाव!"

मदन म्हणे, "अन् दिवाळीनंतर मंडया सुरू होतेत ना बाबाजी. आज ह्या गावची मंडई, उद्या त्या गावची. मंडई म्हणजे प्रदर्शनच! पाळणे लागतेत, दुकानं लागतेत, गावंच्या गावं पाहाले येतेत."

मले तर ते लय पटलं. आमच्या झाडीपट्टीत मंडई सरता सरत नाही. नितीननं डोकं धरलं. म्हणे, "बाबाजी, हे तुम्ही आरटीओत बोलू नका."

*

चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट लागते. म्हणजे नंबरवर कागद ठेवाचा अन् पेन्सिल घासाची, नंबर कागदावर उमटते. सोपं काम. पण नंबर कुठी?

आमच्या बायकोची खोड अशी, का घराले रंग दिला अन् डब्यात उरला तर तो वाया नाही जाऊ देत. फटफटीले फासते! मदन लोखंडाच्या पत्रीनं खरवडाले बसला. पहिले हिरवा निघाला. तो दरवाजाचा. मग निळा, तो खिडकीचा. मग गुलाबी.

"हा कवाचा, बाबाजी?"

"पोरीच्या लग्नाचा."

गुलाबीच्या खाली पिवळा. पिवळ्याच्या खाली, बाप्पा, नंबर! पण शेवटचा आकडा तीन का आठ, समजे ना. मदन म्हणे तीन. मी म्हणलं आठ. शेजारी बी जमा झाले, अर्धे तीनवाले, अर्धे आठवाले. नितीन म्हणे, "थांबा, एखादा ब्रश द्या, घासलेट लावून घासतो." बायकोनं आतून एक दातं घासाचा ब्रश आणून देला. घासला मस्त. आठ निघाला. मी जिंकलो!

नितीननं ब्रश परत करता करता इचारलं, "काकू, हा कोणाचा होय?"

"त्यायचाच," माझ्याकडे बोट. "दात कुठी राह्यले आता त्यायले!"

*

खरी बोंब पुढं झाली. नितीन म्हणे, गाडी मूळ रूपात पाहिजे. कंपनीनं जशी देली तशी. साहेब एक-एक पार्ट पाह्यतेत. बाहेरचं सामान दिसलं का नापास.

आता आमच्या गाडीले सीट होती दुसऱ्याच गाडीची, भोंगा नव्हता, सायलेन्सर म्हणून मदननं पंपाचा पाईप वेल्डिंग केला होता. मूळ सामान गेलं कुठी? कुठी जाते! आपल्याकडं मोडकी चीज फेकत नाही कोणी. "बाबाजी, पडूनच हाये तर मी नेऊ काय?" असं म्हणून एकेकानं नेलं होतं. तवा मी बी मोठ्या मनानं "ने" म्हणत गेलो. आता दारोदारी मागाले निघालो.

सीट भेटली श्रावण न्हाव्याच्या दुकानात. बाकड्यावर ठोकली होती, नंबर लावून बसणारे तिच्यावर बसत. मी म्हणलं, "श्रावण, सीट दे."

श्रावण वस्तरा थांबवून म्हणते, "बाबाजी, सीट देली तर दुकान बसते! लोकं दाढीसाठी नाही येत, ह्या गादीसाठी येतेत!"

त्या सीटवर एक म्हातारा बसला होता. तो बी उठे ना. म्हणे, "माझा नंबर हाये, मी नाही उठत." शेवटी त्याची दाढी पहिले केली, मग सीट काढली. बदल्यात आमच्या घरची गादीची खुर्ची गेली. बायको त्या दिवशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दोन दिवसाचं बोलली.

*

भोंगा, तो रबराचा भोंपू, कुल्फीवाल्याच्या गाड्यावर होता. त्यानं बिचाऱ्यानं लगेच देला. मी खूश होऊन भोंगा लावला अन् गल्लीत वाजवून पाह्यला. भों-भों!

वाट्या घेऊन सगळी पोट्टी अंगणात!

"बाबाजी, मले मलाईची!"

"मले पिस्ता!"

मी म्हणलं, "पळा! ही फटफटी हाये!" एक लहानशी पोर रडाले लागली. तिची माय भांडाले आली, का म्हाताऱ्यानं कुल्फी देतो म्हणून पोरीले फसवलं. शेवटी त्याच कुल्फीवाल्याले बोलावून सगळ्याले कुल्फी चारली. त्यानं पैसे घेतले अन् वरून म्हणते, "बाबाजी, भोंगा तुमच्याकडंच राहू द्या, धंदा वाढून राहिला!"

*

राहिला सायलेन्सर. तो होता कोंढ्याले, माझ्या साळ्याच्या, देवाजीच्या शेतात. देवाजी म्हणजे बायकोचा लहाना भाऊ. धानाच्या वरच्या बांधीतलं, म्हणजे खाचरातलं, पाणी खालच्या बांधीत सोडाले मधल्या धुऱ्यात, मातीच्या बांधात, पाईप लागते. देवाजीनं पाईप विकत आणला नाही. माझा सायलेन्सर नेऊन धुऱ्यात गाडला. आतली जाळी सडून गेली होती, नुसती नळी राहिली होती, त्याचं काम मस्त चालून राहिलं होतं.

मी गेलो तवा रोवणा चालू होता. बाया चिखलात वाकून रोवत होत्या. देवाजी धुऱ्यावर छत्री धरून उभा.

"देवा, सायलेन्सर काढ."

"भाऊजी, डोस्कं ठिकाणावर हाये काय? सायलेन्सर काढला का धुरा फुटते अन् सारं पाणी जाते खाली!"

"भंडाऱ्याले आरटीओचा साहेब गाडी पाह्यते. मूळ पार्ट पाहिजे. नाही भेटला तर तुझी बहीण गाडी भंगारात देते."

"देऊ द्या ना! त्या गाडीचा मले लहानपणापासून राग हाये. तुम्ही ताईले घेऊन निघाले तवा मी मागं धावत होतो, अन् तुम्ही माझ्या तोंडावर धुव्वा सोडून गेले!"

रोवणाऱ्या बाया चिखलात बसून हासाले लागल्या. एक म्हणे, "दे ना रे देवाजी, तुझा भाऊजी रडकुंडीले आला!"

मी नव्हतो रडत. घाम होता तो.

सोबत नवा पीव्हीसी पाईप नेला होता, तो दाखवला. तवा देवाजी नरमला. म्हणे, "ठीक हाये. पण सायलेन्सर मी काढीन, मी धुवीन, अन् मीच भंडाऱ्याले आणीन. माझी बी वट दिसाले पाहिजे."

*

पासिंगचा दिवस. बिना कागदाची गाडी रोडवर चालवता येत नाही, म्हणून भंडाऱ्याले न्याले टेम्पो पाहिजे. टेम्पो कोणाचा? बायकोनं ठरवला. भुरा भंगारवाल्याचा!

भुरा म्हणे, "बाबाजी, पास हो गई तो भाडा देना. नापास हो गई तो उतारना मत, सीधे मेरे गोदाम में."

सारा रस्ता भुरा गाडीकडं असा पाहे, जसा पाहुणा शिजत्या भाजीकडं पाह्यते. बायको समोर त्याच्या बाजूले बसून. मी मागं, फटफटीले धरून. वाटेतल्या पुलावर मी गाडीच्या टाकीवर हात ठेवला अन् म्हणलं, "माये, इज्जत राख." मागून येणाऱ्या एसटीतले लोकं मले पाहून हासत होते. हासा म्हणलं.

आरटीओच्या मैदानात मदन अन् नितीन पहिलेच हजर. देवाजी बी आला, धोतर-कुडता, खांद्यावर नवा दुपट्टा, अन् पोत्यात सायलेन्सर. वाटे वरातीले आला.

मी इचारलं, "धुतला?"

"धुऊन पुसून आणला भाऊजी! आरश्यासारखा! तोंड पाहून घ्या!"

बाहेरून खरंच चमकत होता. मदननं घाईघाईनं बसवला, तेवढ्यात साहेब आले. बारीक माणूस, कडक इस्तरी, पांढरे जोडे. हासत नाही, बोलत नाही. नितीन कागद देते, साहेब पाह्यते. चेसिस नंबर पाह्यला. शेवटचा आठ भिंगानं पाह्यला. सीट दाबून पाह्यली. भोंगा वाजवला. आरटीओच्या गेटवरचा चपराशी वळून पाहाले लागला, कुल्फीवाला कुठी हाये म्हणून.

साहेब म्हणाले, "सायलेन्सर मूळचाच?"

"मूळचाच, साहेब."

"इतकी वर्षं टिकला कसा?"

मी काही बोलाच्या आत देवाजी पुढं आला. म्हणे, "साहेब, पाण्यात ठेवला होता!"

साहेबानं माझ्याकडं पाह्यलं. मी आभाळाकडं पाह्यलं.

"ठीक आहे. चालू करून दाखवा."

मी किक मारली. काही नाही. दुसरी मारली. गाडी खोकलली. पल्याड भुऱ्यानं टेम्पोचा फाळका खाली पाडला, खाडकन. बायकोनं पदर तोंडाले लावला. आता हासत होती का घाबरली होती, मले नाही समजलं. साहेब सायलेन्सरजवळ वाकून आवाज ऐकाले लागले. माझ्या गुडघ्यात जेवढा जीव होता तेवढा लावून मी तिसरी मारली.

फाट्ट!

पहिले चिखल उडाला. चिखलामागून धानाचा तूस. अन् तुसामागून एक खेकडा! चांगला पंजाएवढा, काळाकुट्ट, कोंढ्याच्या बांधीतला. गोळीसारखा सुटला अन् साहेबाच्या पांढऱ्या जोड्यावर जाऊन बसला. बसला तो बसलाच, नांगीनं लेस धरून.

गाडी मात्र चालू! फट-फट-फट-फट, जशी पहिल्या दिवशी चालत होती तशी!

साहेब हालले नाही. एक डाव खेकड्याकडं पाह्यलं, एक डाव सायलेन्सरकडं, एक डाव माझ्याकडं. मग अगदी शांतपणानं इचारलं,

"हा पार्ट ओरिजिनल आहे?"

नितीननं डोळे मिटले. मदन नितीनमागं लपला. अन् मागून देवाजी, हात जोडून, छाती पुढं काढून, सगळ्या मैदानाले ऐकू जाईन असा:

"व्हय साहेब! कोंढ्याचाच हाये!"

साहेबानं जोडा हालू न देता, तसेच उभे राहून, माझ्या कागदावर 'पास' लिहून सही केली. भुऱ्यानं फाळका वर केला. खेकडा देवाजीनं नव्या दुपट्ट्यात बांधला अन् कोंढ्याले नेला. रात्री रस्सा झाला म्हणतेत, तिखटजाळ. बायकोले डबा आला. मले ना रस्सा, ना माफी. माफी बाकी हाये, अन् ती ज्याच्याकडं बाकी हाये त्याचं नाव लिहून ठेवतो: देवाजी, राहणार कोंढा, माझा सख्खा साळा.