कारले, इन्सुलिन आणि चिंचणीकर बाई

डॉ. वसुधा चिंचणीकर यांना मी प्रथम भेटलो ते कर्वेनगरातील महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत. मला त्यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करायचे होते. माझी गुणपत्रिका बाजूला ठेवून बाईंनी कच्च्या कारल्याची चकती पुढे केली. मी ती चावली. ‘‘तोंड वाकडं झालं, म्हणजे जीभ शाबूत आहे. सोमवारपासून या,’’ त्या म्हणाल्या.

कारल्याचे रसायन हा बाईंचा आयुष्यभराचा विषय. त्यातील तंतू, क जीवनसत्त्व, पोटॅशियम, कडूपणा आणणारी द्रव्ये, आणि रक्तातील साखर उतरवू शकेल असे चॅरेंटिन, या साऱ्यांवर त्यांनी काम केले. प्राण्यांवरील प्रयोग आशादायक आहेत, माणसांबाबतचा पुरावा तोकडा आहे, हे त्या प्रत्येक लेखात लिहीत. एका वर्तमानपत्राने मात्र या वाक्याचा दुसरा अर्धा भाग गाळून ‘मधुमेहावर कारले रामबाण’ असा मथळा दिला.

त्यानंतर बुधवार पेठेत बाईंचे व्याख्यान झाले. शेवटी अमरावतीहून मुलाकडे राहायला आलेले निवृत्त शिक्षक, गावंडे गुरुजी, उभे राहिले.

‘‘मॅडम, आपले उपकार आहेत. बातमी वाचली अन् इन्सुलिन बंद केलं. आता रोज कारल्याचा रस घेतो.’’

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींना धाप लागली होती, ओठ सुकले होते. बाई व्यासपीठावरून खाली उतरल्या.

‘‘अहो, उलट्या होताहेत का?’’

‘‘सकाळपासून.’’

व्याख्यान तिथेच संपले. बाईंनी त्यांना रिक्षात बसवले, मलाही सोबत घेतले. रुग्णालयात तपासणीत कळले, साखर बेसुमार वाढून रक्त आम्लयुक्त झाले होते. मुलगा येईपर्यंत बाई अतिदक्षता विभागाबाहेरून हलल्या नाहीत. गुरुजी वाचले.

पुढे एक रस-उत्पादक बाईंचे नाव बाटलीवर छापण्याची परवानगी मागायला आला. ‘‘छापा की. त्याखाली ‘औषध बंद करू नका’ हेही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा,’’ बाई म्हणाल्या. तो पुन्हा फिरकला नाही.

गुरुजी घरी आल्यावर बाई डबा घेऊन त्यांना भेटायला गेल्या. झाकण उघडताच गुरुजी दचकले, ‘‘पुन्हा कारलं?’’

‘‘भाजी आहे. पोळीशी खा. आणि आधी इन्सुलिन घ्या.’’

गुरुजी हसले, मग त्यांचे डोळे भरून आले.

आज बाई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या आहेत. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, आणि आमची अर्धवट वाक्ये पुरी करून घ्यायला त्या आम्हांला पुष्कळ वर्षे लाभोत.