दुसरा ब्रेक

माझा नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवतो. सगळे त्याला मास्तर म्हणतात, आता मीसुद्धा. त्यांच्या शिकवणीच्या गाडीला दोन ब्रेक आहेत, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा मास्तरांच्या. शिकणारा चुकला की मास्तरांचा पाय खाली जातो आणि गाडी थांबते, तीही इतकी अलगद की शिकणाऱ्याला वाटतं, आपणच थांबवली.

आमचा लेक याच गाडीवर शिकला. अठरा पूर्ण झाली आणि त्याने हट्टाने एक जुनी लाल गाडी मिळवली. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. पहिल्याच आठवड्यात पठ्ठ्याने शिंप्याच्या दुकानाची पायरी फोडली. मग ओल्या सिमेंटच्या रस्त्यावरून गाडी नेली, तिथे चाकांचे ठसे अजून आहेत. मग मित्रांना कोंबून उतारावरून सुसाट सोडली ती थेट तळ्यात. सगळे नखशिखान्त भिजून हसत घरी आले.

"काही झालं नाही ना, आई!"

हे त्याचं पालुपद. मी बोलून बोलून थकले. पालथ्या घड्यावर पाणी! मास्तर म्हणायचे, "वय आहे गं. हात चांगला आहे त्याचा." हात चांगलाच होता हो, पण पायाचं काय? एक दिवस हा कुणाचा तरी जीव घेणार नाहीतर स्वतःचा घालवणार, याच धास्तीत मी दिवस काढत होते.

एकदा तिघे माझ्या बहिणीकडे निघालो. मी मागे, मास्तर त्याच्या शेजारी. बेकरीच्या वळणावर एक आजोबा काठी टेकत रस्ता ओलांडत होते. मला मागून स्पष्ट दिसलं, मास्तरांचा पाय खाडकन खाली गेला. पण ही शिकवणीची गाडी थोडीच होती! पायाखाली नुसती चटई. ऐनवेळी पोराने स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी विजेच्या खांबावर आदळली. आजोबा जागच्या जागी मटकन बसले. मी धावत जाऊन त्यांना उठवलं, हात जोडले, बेकरीतून पाणी आणून पाजलं. त्यांना खरचटलंसुद्धा नव्हतं.

परत येऊन मागे बसले तर लेक पांढराफटक पडला होता. बापाकडे बघत म्हणाला, "बाबा, तुम्ही दाबला का नाही?"

मास्तरांनी दार उघडलं. गाडीतून उतरले, मागे येऊन माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "चल, ने आता घरी."

पुढची सीट रिकामी होती. पोराने किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं, पण तो गाडी काही हलवेना. "आई, मला भीती वाटतेय," तो म्हणाला.

ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की माझ्या डोळ्यांना पाणी आलं.