आगनागाशी दोस्ती

कल्याणच्या कोळसेवाडीतली शालन ओव्हाळ नौपाड्यातल्या एका छापखान्यात चित्रं काढायची. लग्नपत्रिकांवरचे मोर, फटाक्यांच्या खोक्यांवरचे वाघ, सापशिडीचे पट, सगळं तिच्याच हातचं. अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात मालक चांगदेवशेठनी नवा खेळ काढायचं ठरवलं. फासे टाकत डोंगर चढायचा आणि वर बसलेल्या ड्रॅगनचं मुंडकं उडवायचं.

शालननं ड्रॅगन रंगवला. हिरवं अंग, तांबडे पंख. डोळे मात्र रागीट काही होईनात. एकट्या पडलेल्या जनावराचे झाले.

"शेठ, ह्याला मारायचंच कशाला?"

"अगं, मारल्याशिवाय जिंकणार कसं?"

"दोस्ती करून."

शेठ हसले. "फाशानं कधी दोस्ती झालीय? दाखव करून. जमलं तर तोच छापू."

घरी पट मांडला. खेळायला नवरा आनंदा आणि सासू दगडाबाई. ड्रॅगनजवळ गप्प बसून डाव सोडत राहायचं, म्हणजे त्याला भरवसा वाटतो, असा शालननं नियम केला. आनंदा बसल्या जागी पेंगायला लागला. मग तिनं ड्रॅगनला फळं खाऊ घालायचं ठरवलं, तर ज्याच्याकडे फळांच्या चिठ्ठ्या जास्त तोच दरवेळी जिंकायचा.

"ही दोस्ती नाही, लाच झाली," आनंदा म्हणाला. शालननं चिडून पट गुंडाळला.

दगडाबाईंनीच तो पुन्हा उघडायला लावला. पण सोंगटी घेईनात. "मी कायम मागंच. मला तो तुमचा आगनागच द्या." आनंदा फिदीफिदी हसला, तशा ड्रॅगन उचलून त्या त्याच्याच मागे लागल्या. त्याची सोंगटी पार पायथ्याला ढकलली.

"आई, नको ना! घे, माझी फळं घे."

"फळं नकोत. मघाशी मला हसलास, त्याचं काय?"

आनंदानं कान पकडले. म्हातारीनं त्याला पंखावर बसवलं आणि थेट शिखरावर नेलं.

शालन ताडकन उठली. सापडलं होतं! जो सगळ्यात मागे पडेल, ड्रॅगन त्याचा. बाकीच्यांनी त्याला मनवायचं. तो ज्याला आपला म्हणेल त्याला घेऊन उडणार, आणि जिंकणार दोघं मिळून.

छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत डाव मांडला. ड्रॅगन आला मशीनवाल्या पोपटच्या हाती.

"पोपट, मला घे," शेठनी हुकूम सोडला.

"ड्रॅगन मालकाचं ऐकत नाही, शेठ!"

सगळे खो खो हसले. शेठनी डब्यातली पुरणपोळी पुढे केली, वर बेसूर गाणं म्हटलं, तेव्हा कुठे पंख मिळाले. "जिंकलो रे!" शेठ असे ओरडले की रस्त्यावरची माणसं आत डोकावली. "छापा हाच!"

दिवाळीच्या तोंडावर डोंबिवलीतल्या एका हॉलमध्ये प्रदर्शन भरलेलं. शालननं सतरंजी टाकून एक पट उघडा ठेवला. आधी पोरं बसली, मग त्यांना न्यायला आलेले आईबाप बसले. टाय लावलेला एक साहेब अनोळखी छोट्या मुलीला विनवत होता, "ताई, एकदा उडव ना मला!" तिनं बराच वेळ विचार केला, मग म्हणाली, "बस!" सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळपर्यंत माल संपत आला. शेवटचा खोका उचलून एका बाईनं वरची अक्षरं वाचली: 'आगनागाशी दोस्ती. खेळ आणि चित्रं: शालन ओव्हाळ.' इतक्या वर्षांत कुठल्याच चित्राखाली शालनचं नाव आलेलं नव्हतं.

"ह्या शालन कोण हो?" बाईनं विचारलं.

"मीच!" शालन म्हणाली, ती इतक्या मोठ्यानं, की शेजारच्या टेबलावरची पापडवालीसुद्धा वळून बघायला लागली.