अर्धी डिक्शनरी

सुदाम आज पहाटे गेला. त्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. ती मी दिली नाही.

तुमच्यापैकी फार थोड्यांना तो माहीत असेल. आम्ही दोघं भरे गावचे. ऐंशीच्या दशकात पिरंगुटच्या एका वर्कशॉपमध्ये शेजारशेजारच्या लेथवर कामाला होतो.

तिथे एक जपानी मशीन आलं. साहेबांनी जाहीर केलं, वर्षभरात जो जपानी शिकून परीक्षा पास होईल त्याला सहा महिने तिकडे ट्रेनिंगला पाठवू.
जागा एकच.

शिकवायला कोणी नव्हतं. क्लास पुण्यात, आणि आमची शिफ्ट सुटेपर्यंत तो संपलेला.
मी रद्दीवाल्याकडून एक जपानी-इंग्लिश डिक्शनरी पैदा केली. सगळे शब्द इंग्रजी अक्षरांत, ए ते झेड.

डिक्शनरी एक आणि शिकणारे दोन.
मग आम्ही ती व्हाइसच्या जबड्यात आवळली आणि लोखंड कापायच्या हॅक्सॉने मधोमध कापली.

हसा खुशाल. आम्हाला तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. ए ते एम माझ्याकडे, एन ते झेड त्याच्याकडे. पाठ झालं की अदलाबदल करायची.

त्यामुळे पाणी माझ्या वाट्याला आलं आणि शेत त्याच्या. मला मिझू यायचं, त्याला ता. ‘शेतात पाणी आहे’ एवढं म्हणायचं तरी दोघं एका जागी हवे.

टार्गेट मी ठरवलं. रोज पन्नास शब्द.
वाक्यं नाहीत, व्याकरण नाही. नुसते शब्द.
सकाळी सायकल तो मारायचा आणि मी मागे बसून त्याची यादी हातात धरून विचारायचो. चुकला की दुसऱ्या दिवशी साठ. मास्तरकी माझ्या अंगातच होती.

दोन महिन्यांत त्याची भूक गेली. भाकरी हातात धरून पुटपुटत बसायचा. काल पाठ केलेलं आज सापडायचं नाही.
माझीही तीच गत होती. मी फक्त कबूल करत नव्हतो.

एका रविवारी त्यांच्या भातलावणीला गेलो. जोर दाखवायला मी रोपांचा हा ढीग उपटून ठेवला.
सुदाम म्हणाला, “सांजपतुर लावशील तेवढंच उपट. उपटून ठेवलेलं पिवळं पडतं.”
मग ढिगाकडे बघत बसला थोडा वेळ.
“शब्दांचंबी तसंच झालंय बघ. आपुन नुसतं उपटतुया. लावतुया कुटं?”

उद्यापासून तो रोज चारच शब्द घेणार होता. दिवसभर ते बैलाशी, आईशी, मशीनशी बोलणार. जमले तर पुढचे चार.

मी म्हणालो, या हिशोबाने तुझी परीक्षा पुढच्या जन्मी होईल. तो ऐकेना. मला राग आला, आणि त्याच्या आईसमोर मी बोलून गेलो,
“मग बस म्हशीमागं.”

दुसऱ्या दिवसापासून आम्ही वेगवेगळ्या सायकलींवर जायला लागलो.

परीक्षा मी पास झालो. जपानला जाऊन आलो. मग तीस वर्षं जपानी मशीनची मॅन्युअल्सचं भाषांतर करत बसलो. पन्नासाचे शंभर झाले, पण पाठांतर काही सुटलं नाही.
रिटायर झालो त्या आठवड्यात घरातला जपानी कागद न् कागद रद्दीत घातला. माझी अर्धी डिक्शनरीसुद्धा. आजही जपानी अक्षरं दिसली की डोकं उठतं.
याला बर्नआउट म्हणतात, हे मला मुलीने सांगितलं.

सुदाम आजारी आहे असं कळलं, म्हणून दिवाळीनंतर भेटायला गेलो. इतकी वर्षं लग्नकार्यात नुसती मान हलवण्यापुरतीच ओळख उरली होती.

शेताच्या जागी आता भाड्याच्या खोल्या आहेत. तो ओसरीवर बसला होता. मला बघून मागच्या डोंगराकडे हात केला.
“यामा.”
डोंगराला जपानीत यामाच म्हणतात.

“रोज चार,” तो म्हणाला. “लावणीत एकबी न्हाई. आजारी पडलो तवापासनं दोन. माजी अर्धी संपली की परत पयल्यापासनं. इसारलं तर इसारलं, परत भेटतंय की.”

चाळीस वर्षं. ना परीक्षा, ना प्रमोशन. आणि चेहऱ्यावर दमल्याची खूण नाही. आजारी तो होता आणि दमलेला मी.

मग त्याने विचारलं, “तुजी अर्धी हाय का रं? मला एमपतुर कायच येत न्हाई. पाण्याला काय म्हंत्यात? तू सांगितलं व्हतंस कवातरी.”

एक शब्द सांगायचा होता. पण मला त्या भाषेचा इतका वीट आलेला की म्हणालो, माळ्यावर असेल, आणतो, त्यात बघ.
माळ्यावर काही नव्हतं.
“दमानं आण,” तो म्हणाला. “रोज दोनच तर करायचेत.”

नवी डिक्शनरी विकत घेतली. अख्खी. ती चार महिने प्लॅस्टिकच्या वेष्टनात टेबलावर पडून होती. हात लावला की थकवा यायचा. माझ्या घरापासून भरे वीस मिनिटांवर आहे.

आज त्याची सून म्हणाली, “आबा रोज इचारायचे, पुस्तक घिऊन कोन आलं व्हतं का.”

दुपारी घरी आलो आणि वेष्टन फाडलं. दोनच शब्द वाचले. तेवढ्यानेही डोळे भरले, मग मिटून ठेवली. उद्या पुढचे दोन.

सुदाम, तुझ्या आईसमोर बोललो ते चुकलं. हे ओसरीवर सांगायला आलो होतो, तेही राहिलं.

पाण्याला मिझू म्हणतात.

ये आता, मित्रा.