तोंडात पाण्याचा घोट

दातवाल्या काकूंच्या टेबलावर दुसरं काही नसलं तरी कोणाचा ना कोणाचा जबडा असतोच. घराची मागची खोली हेच त्यांचं वर्कशॉप. खिडकीखाली टेबल, त्यावर स्पिरिटचा दिवा, मेण तासायची सुरी आणि तोंडासारखं उघडमीट करणारं एक पितळी यंत्र. दातांचे डॉक्टर हिरड्यांचे प्लास्टरचे ठसे पाठवतात. काकू ते यंत्रात अडकवतात आणि गुलाबी मेणात एकेक दात बसवत जातात. मेणातली कवळी माणसाच्या तोंडात नीट बसली, की मग ती पक्की करायची. हे काम त्या लग्नाआधीपासून करतात आणि त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. निदान यजमान निवृत्त होईपर्यंत तरी.

यजमान बस स्टँडवर गाड्यांची घोषणा करायचे. सगळी नोकरी काचेच्या खोलीत, मायक्रोफोनसमोर. स्टँडवर त्यांना भोंगा म्हणत, आणि ते नाव त्यांच्याबरोबर निवृत्त होऊन गल्लीत आलं. आवाज अजून खणखणीत होता. फक्त आता ऐकायला एकटी बायको होती.

"अगं, निळा शर्ट इस्त्रीला दिलास का?"

"दिला."

"कधी?"

काकू मान वळवून उत्तर देत. मान वळली की हात थांबे, आणि परत समोर पाहावं तर डोक्यात शर्ट.

त्या महिन्यात एका शिक्षिकेच्या कवळीचं काम आलं होतं. शाळेत शिकवणाऱ्या बाई. दात काढल्यापासून रजेवर होत्या आणि बोळक्या तोंडाने वर्गात पाऊल ठेवणार नाही म्हणून हटून बसल्या होत्या. काकूंनी पहिला सेट पाठवला आणि तो परत आला. डावा सुळा उजवीकडे बसला होता. दोन्ही सुळे लांबून सारखे दिसतात, पण उतार वेगळा असतो, आणि काकूंनी आयुष्यात ही चूक केली नव्हती. तो सुळा उचलताना गॅसची नळी कधी बदलली यावर चर्चा चालू होती, एवढं त्यांना आठवलं. दुसरा सेट गेला, तोही परत. एका बाजूने दात मिटतच नव्हते. मेण मऊ असताना काकू दाराकडे वळल्या होत्या.

डॉक्टरांनी फोन केला. माणूस सभ्य, आवाज चढवला नाही. "काकू, बाईंची रजा पुढच्या सोमवारी संपते. आणि खरं सांगायचं तर शहरातली मोठी लॅब मला कधीपासून विचारतेय. या वेळी परत आला, तर पुढची कामं मला तिकडे द्यावी लागतील."

काकू "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग लेकीला लावला.

लेक दुसऱ्या गावी ऑफिसात होती. तिने उपाय सांगितला. "आई, फोन बंद ठेव, दार लाव, टायमर लाव. टायमर वाजेपर्यंत उठायचं नाही, वाजला की पाच मिनिटं विश्रांती. आमच्याकडे सगळे असंच करतात."

काकूंनी तसं केलं. टायमर वाजला तेव्हा सुरीवर वितळलेलं मेण होतं. ते थंड होऊन फुकट गेलं. आणि बंद दारापलीकडून आवाज आला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. विश्रांतीची वेळ झालेली आहे."

"अहो, जरा गप्प बसाल का?"

"गप्पच आहे. सूचना केली फक्त."

उपाय सापडला तो आपोआप. एका सकाळी काकूंनी पाण्याचा घोट घेतला आणि गिळायच्या आत त्यांना दिसलं, की समोरचा दात जरासा तिरका आहे. त्या तशाच वाकल्या. तेवढ्यात दारातून प्रश्न आला, आज भाजी कोणती आणू. तोंडात पाणी. उत्तर देता येईना. हात चालत राहिला, दात सरळ झाला, आणि घोट गिळल्यावर काकूंच्या लक्षात आलं, की आपली मान वळलीच नाही. उत्तर द्यायचंच नसलं तर मान कशाला वळेल?

दुसऱ्या दिवसापासून टेबलावर तांब्या आणि पेला आला. दात उचलायचा, घोट भरायचा, दात बसवायचा, घोट गिळायचा. पहिले दोन दिवस काम झरझर झालं. तिसऱ्या दिवशी भोंगाकाकांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"माझ्याशी बोलायला नको, म्हणून तोंडात पाणी धरून बसतेस?"

काकूंच्या तोंडात पाणी होतं. त्यांनी मान हलवली. ती नेमकी कशी हलली, कोणास ठाऊक. भोंगाकाका खुर्ची उचलून बाहेर पायरीवर जाऊन बसले आणि त्यांनी तोंडाला कुलूप लावलं.

घर शांत झालं. काकूंना वाटलं, आता कवळी संध्याकाळच्या आत होईल. पण काम पुढे सरकेना. खुर्ची करकरली की काकूंचे कान तिकडे. चहा घेतला का यांनी? पेला वाजला नाही. कोणी विचारलं तर उत्तर देताहेत, की नाही? मेण दोनदा पातळ झालं, सुळा पुन्हा हातात घेऊन नुसता न्याहाळत बसल्या. बोलणारा नवरा मान वळवायला लावत होता. न बोलणाऱ्याने तर सबंध माणूसच खोलीबाहेर ओढून नेला.

दिवस वाया जातोय, हे काकूंना कळत होतं. त्यांनी दिवा विझवला आणि पायरीवर गेल्या.

"अहो, खुर्ची घेऊन आत या."

"कशाला? त्रास होतो ना माझा."

"बोलण्याचा नाही होत. विचारण्याचा होतो. तुम्ही विचारता, मग मला उत्तर द्यावं लागतं."

"मग माणसाने करायचं काय, भिंतीशी बोलायचं?"

"स्टँडवर कोणाशी बोलत होतात? कधी कोणी उलट उत्तर दिलं का?"

काकांनी आठवून पाहिलं. मग म्हणाले, "एक बाई एकदा काच वाजवून म्हणाली होती, जरा हळू बोला, बाळ झोपलंय."

"ते सोडा. बाकीच्यांनी?"

"नाही."

"इथेही देणार नाही. या आत."

काका आत आले. खिडकीपाशी खुर्ची टाकली, घसा खाकरला. काकूंनी दिवा पेटवला, पाण्याचा घोट भरला आणि दात उचलला.

"दूधवाल्याची सायकल कोपऱ्यावरून निघालेली आहे," काकांनी जाहीर केलं. "शिंपीणबाईंच्या दारात थांबा घेईल. समोरच्या गॅलरीतले आजोबा नेहमीप्रमाणे उशिराने धावत आहेत. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

काकूंचे खांदे हलले, पण घोट सांडला नाही. प्रश्न एकही नव्हता. आवाज नळाच्या धारेसारखा एकसुरी वाहत होता, आणि नवरा कुठे आहे, कसा आहे, हे न पाहता कळत होतं. दात एकामागून एक मेणात उतरले. दोन्ही सुळे काकूंनी प्रकाशात धरून पुन्हा पाहिले. यंत्र मिटलं. दोन्ही बाजू टेकल्या.

सेट शुक्रवारी गेला. शनिवारी काकू दुसऱ्या कोणाचा तरी जबडा घेऊन बसल्या असताना बाहेर फोन वाजला. तोंडात घोट होता, चिमट्यात दात. काकांनी फोन घेतला, "हो, हो, सांगतो" म्हणाले आणि दारात येऊन उभे राहिले.

"डॉक्टरांचा होता. सांगू?"

काकूंनी डावा हात वर केला. थांबा. दात मेणात टेकवला, सुरीने कडेचं मेण गुळगुळीत केलं, यंत्र मिटून पाहिलं, उघडलं. मग घोट गिळला.

"आता सांगा."

काकांनी एवढा वेळ श्वास रोखला असावा. त्यांनी छाती पुढे काढली. "सूचना. शाळेकडे जाणाऱ्या बाईंचे दात बरोबर बसलेले आहेत. बाईंनी खुर्चीतच अख्ख्या वर्गाची हजेरी घेऊन दाखवली. सेट पक्का करायला इकडे येत आहे. सोबत आणखी दोन ठसे."

"आणि लॅब?"

"लॅबची गाडी," काका म्हणाले, "रद्द करण्यात आलेली आहे."

काकूंनी पेला पुढे केला. "तांब्या रिकामा झालाय. भरून आणा, आणि बसा परत खिडकीशी. खालचा जबडा अजून व्हायचाय."